न तुटलेल्या शाफ्टची तक्रार

मा. संपादक,

कालच्या पुरवणीत ऑफ-रोड गाड्यांचे भाग मागणीनुसार बनवून देणाऱ्या मशिन शॉपवर आपण छापलेला लेख वाचला. मी स्वतः असे एक शॉप चालवतो, त्यामुळे आमचे दर अवाच्या सवा असतात आणि काम कधी वेळेवर मिळत नाही, ही वाक्ये वाचून मला धक्का बसण्याचे कारण नव्हते. दुसरा आरोप तर पुष्कळदा खराही असतो. परंतु बाहेरून बनवून घेतलेला शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) बसवला आणि त्यामुळे डिफरन्शियलचे, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरसंचाचे, दात गेले, ही एका गाडीमालकाची तक्रार लेखकाने कोणालाही काही न विचारता निष्कर्ष म्हणून स्वीकारली आणि वर चौकटीत ठळक अक्षरांत दिली, याचे मात्र नवल वाटले. शॉपमधल्या एखाद्या शिकाऊ मुलाला विचारले असते, तरी त्याने लेखकाला दोन मिनिटांत थांबवले असते.

हीच तक्रार घेऊन एक गृहस्थ माझ्याकडेही आले होते. ते आणि आपल्या लेखातील गाडीमालक एकच आहेत, असे मी म्हणत नाही, कारण या तक्रारीचे मालक पुष्कळ आहेत. या गृहस्थांनी गाडीचे मूळचे २९ इंची टायर काढून ३५ इंची बसवले होते, मागच्या एक्सलमध्ये लॉकर (डिफरन्शियल जाम करून दोन्ही चाके एकत्र फिरवणारे साधन) घातला होता आणि बाकीची गाडी जशीच्या तशी ठेवली होती. एका चढावर मागचे एक चाक हवेत आणि दुसरे दगडाच्या बेचक्यात अडकलेले असताना त्यांनी लो रेंजमध्ये (वेग घटवून ताकद वाढवणाऱ्या जोडगिअरमध्ये) पहिला गिअर टाकून पाय दाबला, आणि जे व्हायचे ते झाले. शाफ्टचे दोन्ही तुकडे त्यांनी माझ्याकडे आणले आणि मापे घेण्याच्या ज्या ग्रॅनाइटच्या सपाट सरफेस प्लेटवर आम्ही मायक्रोमीटरसुद्धा जपून ठेवतो, तिच्यावर दाणकन आदळले. तुकडा उचलून पाहिला, तर स्प्लाइनचे, म्हणजे शाफ्टच्या टोकावर कापलेले लांबट, दात सरळ राहिलेले नव्हते. सगळेच्या सगळे एका बाजूला तिरके झाले होते. म्हणजे पोलादात दोष नव्हता. शाफ्टने आधी पीळ खाल्ला होता, जमेल तितका वेळ धरून ठेवले होते आणि मगच तो तुटला होता.

मी त्यांना कागदावर हिशेब मांडून दाखवला. इंजिनाचा टॉर्क (पिळण्याची ताकद) ३०० न्यूटन-मीटर धरला, पहिला गिअर ४ पटीचा, ट्रान्सफर केसची (त्या जोडगिअरच्या पेटीची) लो रेंज २.७ पटीची आणि क्राऊन-पिनियन (डिफरन्शियलमधली मुख्य गिअरजोडी) ४.१ पटीचे धरले, तर एक्सलपर्यंत पोहोचताना त्याचे कागदोपत्री १३ हजार न्यूटन-मीटरच्या वर होतात. साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देते, त्यामुळे एक चाक हवेत गेले की दुसऱ्यालाही फारसे काही मिळत नाही; गाडी जागच्या जागी राहते आणि शाफ्टही वाचतो. लॉकरने ही सोय काढून घेतलेली असते. जमिनीला घट्ट धरून बसलेल्या एकाच चाकाच्या शाफ्टवर जवळजवळ सगळा भार येतो, आणि टायर सुमारे २० टक्क्यांनी मोठा केला की तेवढ्याच पकडीसाठी शाफ्टवर येणारा पीळही तितकाच वाढतो. गृहस्थांनी हे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "ते राहू द्या. मला असा शाफ्ट द्या, की गाडी मोडली तरी तो मोडणार नाही." पुढे त्यांची ही इच्छा अक्षरशः पुरी झाली.

अशा वेळी आम्ही काय सांगतो, ते आपल्या वाचकांना कळावे. इंजिनापासून चाकापर्यंत जी साखळी असते, तिच्यात काहीतरी सर्वांत दुबळे असणारच, आणि शाफ्ट हे त्यातल्या त्यात बरे ठिकाण आहे. तो घरातल्या फ्यूजसारखा असतो. तो गेला, तर चाकाकडून ओढून काढता येतो आणि बरोबर जास्तीचा असला तर डोंगरातसुद्धा बदलता येतो. क्राऊन-पिनियनचा दात गेला की संपूर्ण डिफरन्शियल खोलावे लागते, तुटलेल्या दाताचा तुकडा बेअरिंगमध्ये शिरलेला असतो आणि नवी जोडी बसवताना पिनियनची खोली आणि दातांमधील मोकळीक शिम (पातळ चकत्या) घालून पुन्हा जुळवावी लागते. म्हणून शाफ्ट भक्कम करायचा असेल, तर डिफरन्शियलचे गिअरही त्या मानाने भक्कम करा, नाहीतर टायर लहान करा, असे मी त्यांना बजावले आणि दरपत्रकावर तसे स्पष्ट लिहूनही दिले. त्यांनी ते न वाचता सही केली.

त्यानंतर सुरू झाले ते काम, ज्याचा हिशेब आपल्या लेखकाने लेथवर नग चढवल्यापासून उतरवेपर्यंतच्या वेळेत केला आहे. मोडका शाफ्ट नमुना म्हणून द्यायचा आणि तसाच बनवून मागायचा, ही सर्वांची पद्धत असते. परंतु पीळ खाल्लेल्या स्प्लाइनवरून माप घेतले, तर नवा शाफ्टही पिळलेलाच होईल. दात किती, त्यांचा दाबकोन (दाताच्या कडेचा तिरकेपणा) ३० अंशांचा की ४५ अंशांचा, शाफ्टची झीज किती आणि मूळ माप किती, हे ठरवण्यासाठी मला डिफरन्शियलमधला साइड गिअर, म्हणजे ज्याच्या भोकात शाफ्टचे टोक बसते तो, हवा होता. तो मागितला, तेव्हा मी वेळकाढूपणा करतो आहे, असे त्यांना वाटले. शेवटी तो आला, त्याच्या आतल्या खाचांत पिना ठेवून माप घेतले, शाफ्टच्या न झिजलेल्या टोकावरून ते पडताळले आणि मग कुठे ड्रॉइंग तयार झाले. हे सगळे शंभर नगांसाठी केले, तर प्रत्येक नगावर किरकोळ भार पडतो. एकाच नगासाठी केले, तर सगळा भार त्या एकावरच पडतो, आणि यात कोणाची लूट कुठे होते, ते मला अजून समजलेले नाही.

पोलाद निवडले ते ४३४०. त्याला ईएन २४ म्हणा, जात जवळजवळ एकच आहे. निकेल, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम असलेले हे पोलाद ८२० ते ८५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तेलात बुडवतात आणि मग टेम्परिंग करून, म्हणजे पुन्हा कमी तापवून, त्याचा ठिसूळपणा घालवतात. ही भट्टी बहुतेक छोट्या शॉपमध्ये नसते. नग बाहेर पाठवावा लागतो आणि भट्टीवाला एका शाफ्टसाठी भट्टी पेटवत नाही. बाकीचा माल जमेपर्यंत आपला नग तिथे पडून राहतो. परत येतो तो थोडासा वाकलेलाच. तो प्रेसवर सरळ करायचा आणि बेअरिंगची जागा शेवटी ग्राइंड करून मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत अचूक आणायची, ही कामे त्यानंतरची. कामाला लागणारा वेळ आणि लागलेले दिवस यांत जो फरक लेखकाला संशयास्पद वाटला, त्यातला मोठा भाग हा असा असतो.

शाफ्ट तयार झाल्यावर गृहस्थांनी पहिली हरकत घेतली ती, मी तो मधल्या भागात बारीक केला याला. त्यांच्या मते मी पोलाद वाचवले. वास्तविक पूर्ण जाडीच्या गजातून कातून काढलेले पोलाद कीस होऊन खाली पडते. वाचत काहीच नाही, उलट मशिनचा वेळ वाढतो. व्यास १० टक्क्यांनी वाढला की भरीव शाफ्टची पीळ सोसण्याची ताकद सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते, हे खरे आहे. पण स्प्लाइनचे टोक साइड गिअरच्या भोकात जायचे असते आणि ते भोक ठरलेले आहे. मधला भाग कितीही जाड ठेवला, तरी सगळा पीळ त्या टोकावरच साठतो आणि शाफ्ट तिथेच तुटतो. म्हणून मधला भाग स्प्लाइनच्या तळाच्या व्यासाइतका उतरवतात, म्हणजे पीळ संपूर्ण लांबीत वाटला जातो. हे मी समजावून सांगितले. ते हसले. ते हसणे मी अजून विसरलेलो नाही.

तयार शाफ्टवर आम्ही या टोकापासून त्या टोकापर्यंत रंगाची एक सरळ रेघ मारतो (रंगाचीच; टोकदार सुईने ओरखडा काढला तर तिथूनच तडा जायला सुरुवात होते). शाफ्ट कायमचा पिळला गेला, तर ती रेघ तिरकी दिसते आणि वेगळे माप घ्यावे लागत नाही. काही महिन्यांनी गृहस्थ परत आले, तेव्हा त्यांच्या एका हातात शाफ्ट होता आणि दुसऱ्या हातात तेलकट फडक्यात गुंडाळलेले क्राऊनचे तुटलेले दात. रेघ सरळ होती. मी शाफ्ट दोन सेंटरमध्ये (टोकांच्या आधारांत) धरून डायल (बारीकसा वाकडेपणाही दाखवणारे माप) लावला, तर काटा जेमतेम हलला. माझ्या मालाची याहून चांगली पावती मला कोणी दिलेली नाही, आणि नेमक्या याच गोष्टीबद्दल ते माझ्याकडे क्राऊन-पिनियन, बेअरिंगे आणि वर तेल यांची भरपाई मागत होते. शाफ्ट तुटला असता, तर निकृष्ट माल म्हणून त्यांनी भरपाई मागितली असती. तो तुटला नाही, म्हणूनही मागितली. दरपत्रकावरची सूचना आणि त्याखालची त्यांची सही दाखवल्यावर, असले बारीक अक्षर कोण वाचतो, असे त्यांनी मला विचारले. ते अक्षर माझ्या हाताचे होते आणि मी मोठे लिहितो.

आपल्या लेखकाने अशा गाडीमालकाची बाजू मांडण्यास माझी ना नाही. परंतु त्यांनी शेवटी जो सल्ला दिला आहे, तो वाचून आता माझ्याकडे नवी गिऱ्हाइके येणार आहेत. भाग घेण्यापूर्वी पोलाद जास्तीत जास्त कठीण असल्याची खात्री करून घ्या, असे त्यात म्हटले आहे. कठीण पोलाद लवकर झिजत नाही, हे बरोबर. पण एका मर्यादेपुढे ते धक्का सोसत नाही आणि आधी जराही न पिळता काडकन तुटते. म्हणूनच काही शाफ्टना इंडक्शनने (विजेच्या प्रवाहाने तापवून) फक्त वरचा थर कठीण करून गाभा चिवट ठेवतात. १२.९ वर्गाच्या बोल्टचीही तीच कथा आहे. सर्वांत वरचा वर्ग म्हणून लोक तो मागतात, चकचकीत दिसावा म्हणून त्याला इलेक्ट्रोप्लेटिंग करून घेतात, आणि प्लेटिंगच्या वेळी आत शिरलेला हायड्रोजन भट्टीत तापवून वेळीच काढला नाही, तर घट्ट आवळलेल्या बोल्टचे डोके दुसऱ्या दिवशी गाडी जागची हललेली नसतानाही उडते. सस्पेन्शनच्या लिंकला असा बोल्ट लावण्यापेक्षा १०.९ चा, योग्य लांबीचा आणि आट्यांवर भार येणार नाही असा लावलेला मला केव्हाही चालेल. आता हे मी प्रत्येकाला समजावत बसणार आणि प्रत्येक जण खिशातून आपले कात्रण काढून मला दाखवणार.

आणखी एक गोष्ट, जिचा लेखाशी संबंध नाही असे आपण म्हणाल. लेखासोबतच्या मोठ्या छायाचित्रात फिरत्या लेथवर काम करणाऱ्या कारागिराच्या हातांत सुती हातमोजे आहेत आणि खालच्या ओळीत त्याच्या दक्षतेचे कौतुक आहे. फिरत्या चकजवळ (नग पकडून फिरवणाऱ्या भागाजवळ) हातमोजे घालायचे नसतात, ही आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवण्याची गोष्ट आहे. कापडाचा एक धागा जरी नगाला किंवा चकच्या जबड्याला अडकला, तरी मोज्याबरोबर बोटे आणि बोटांबरोबर हात आत जातो, आणि हात मागे घेण्याइतका वेळ मिळत नाही. मोजे घालावेत ते मशिन बंद करून, धारदार कीस उचलताना. छायाचित्र काढण्यासाठी कोणी ते त्याला मुद्दाम घालायला लावले असतील, तर तसे करणाऱ्याने त्या शॉपमध्ये पुन्हा पाऊल टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शाफ्टबद्दलची दुरुस्ती आपण छापाल अशी माझी फारशी अपेक्षा नाही आणि त्यावाचून माझे काही अडणारही नाही. हातमोज्यांबद्दलची मात्र येत्या अंकातच छापावी, आणि ती आतल्या पानावर न छापता ते छायाचित्र जिथे होते तिथेच छापावी, ही विनंती.

आपला,
मशिन शॉप चालवणारा एक वाचक