साइनचा तक्ता पाठ करू नकोस

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. लेकीला त्रिकोणमिती शिकवायची म्हणून तू साइन(९०° + थीटा), साइन(१८०° − थीटा) असल्या सूत्रांचा अख्खा तक्ता पाठ करायला घेतलायस, हे वाचून राहवलं नाही. तो तक्ता आधी बाजूला ठेव.

दोन अक्ष मिळतात तिथे केंद्र धरून त्रिज्या १ असलेलं वर्तुळ काढ आणि परिघावर थीटा कोनाचा बिंदू घे (कोन उजवीकडच्या आडव्या अक्षापासून घड्याळाच्या उलट दिशेने मोजायचा). त्याची आडव्या अक्षापासूनची उंची म्हणजे साइन, उभ्या अक्षापासूनचं अंतर म्हणजे कोसाइन, दोन्ही चिन्हासकट. १८०° − थीटाचा बिंदू म्हणजे उभ्या अक्षापलीकडचं प्रतिबिंब. उंची तीच, म्हणून साइनही तोच. १८०° + थीटाचा बिंदू बरोबर समोरचा, तितकाच खाली, म्हणून वजा साइन थीटा.

मला सगळ्यांत आवडते ती ९०° ची गंमत. पाव फेरी फिरवली की (क्ष, य) चा (−य, क्ष) होतो. आडवं अंतर होतं तेच आता उंची झालं! म्हणून साइन(९०° + थीटा) = कोसाइन थीटा. ९० आणि २७० ला साइनचा कोसाइन होतो, १८० आणि ३६० ला होत नाही, ते यामुळेच.

आता हे बघ:

साइन(१८०° − थीटा) × साइन(३६०° + थीटा) − साइन(२७०° + थीटा) × साइन(९०° − थीटा)

पहिला गुणाकार साइन वर्ग. दुसऱ्यात साइन(२७०° + थीटा) म्हणजे वजा कोसाइन आणि साइन(९०° − थीटा) म्हणजे कोसाइन. बाहेरचा वजा मिळून अधिक कोसाइन वर्ग. उत्तर १. थीटा ३०° घेऊन पडताळ: पाव आणि पाऊण. चुका बहुतेक त्या दोन वजांपाशीच होतात, तिथे लेकीला घाई करू देऊ नकोस.

आर्यभटाच्या सारणीत ३°४५′ च्या टप्प्यांनी ९०° पर्यंतच्या फक्त २४ ‘ज्या’ (साइनचं जुनं रूप) आहेत, त्याही एकमेकींतल्या फरकांच्या रूपात. उरलेल्या तीन चरणांना नवी सारणी लागतच नाही, हे किती सुंदर आहे!

आणखी एक. साइन थीटा + साइन(थीटा + १२०°) + साइन(थीटा + २४०°) नेहमी शून्य. थ्री-फेज विजेत (एकमेकांपासून १२०° नी सरकलेले तीन प्रवाह) भार संतुलित असला की न्यूट्रलमध्ये, म्हणजे तिघांच्या परतीच्या सामाईक तारेत, प्रवाह उरत नाही, त्यामागे हेच गणित. शेवटच्या दोन पदांची बेरीज २ साइन(थीटा + १८०°) × कोसाइन ६०° होते. पुढचं तुम्ही दोघं मिळून करा.

तुझा,
अनिरुद्ध