प्रमाणपत्र शेवटच्या दिवशी देऊ नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मुलांना डोंगरात, जंगलात, मुक्कामी शिबिरांना नेणारी पथके मोठ्या स्वयंसेवकांच्या जिवावर चालतात. ही माणसे नोकरी सांभाळून, रविवार मोडून येतात. त्यांचे प्रशिक्षण मात्र पुष्कळदा एका दिवसात, सभागृहात खुर्च्यांवर बसवून उरकले जाते आणि संध्याकाळी हातात प्रमाणपत्र पडते. हे थांबायला हवे.

स्काउट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी 1907 मध्ये ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे शिबिर घेतले, तेव्हा मुलांचे चार संघ पाडून प्रत्येक संघाचा नायक मुलांमधलाच नेमला होता. मोठ्यांसाठी पहिला वुड बॅज वर्ग, म्हणजे स्काउट पथके चालवणाऱ्यांचा प्रशिक्षण वर्ग, सप्टेंबर 1919 मध्ये लंडनलगतच्या गिलवेल पार्कमध्ये भरला, तोही उघड्यावर, तंबूत राहूनच. त्यामागे कारण होते.

मोठ्या माणसाला सर्वांत जड जाते ते हात मागे बांधून उभे राहणे. तेरा वर्षांची संघनायिका तंबूचा दोर खुंटीला बांधते आहे आणि गाठ सैल बसते आहे. स्वयंसेवक पुढे होतो, दोर तिच्या हातातून घेतो, दोन सेकंदांत गाठ आवळतो. तंबू नीट उभा राहतो, पण पुढच्या वेळी ती दोर घेऊन त्याच्याकडेच येते. सांगा, करून दाखवा, तिच्याकडून करून घ्या आणि मग बाजूला व्हा, या चार पायऱ्या सगळ्यांना पाठ असतात. गाडी अडते ती चौथीवर. सैल गाठीमुळे फार तर रात्री तंबूचा कोपरा बसेल. तो तिलाच उभारू द्या. मात्र विस्तव, खोल पाणी, कडा आणि धारदार हत्यार यांपाशी वाट पाहायची नाही, ताबडतोब मध्ये पडायचे. ही रेघ कुठे ओढायची ते फळ्यावर शिकवता येत नाही.

म्हणून किमान दोन रात्रींचा मुक्काम हवा. शिकणाऱ्या मोठ्यांचे सहा ते आठ जणांचे संघ करावेत, नायक दर अर्ध्या दिवसाने बदलावा आणि अडचणी मुद्दाम पेराव्यात: एकाचा पाय मुरगळला, अंधारात प्रथमोपचार पेटी उघडायची आहे, मोजणीत एक जण कमी आहे. मोजणीकडे तर विशेष लक्ष द्यावे. "सगळे आले का?" असे विचारले की "हो" असाच गलका होतो, जो मागे राहिला, तो "नाही" म्हणायला तिथे नसतो! एकाने डोकी मोजून आकडा मनात ठेवायचा, दुसऱ्याने स्वतंत्रपणे मोजायचे आणि मगच दोघांनी आकडे ताडून पाहायचे. प्रत्येक थांब्यावर, पोचल्यावर आणि निघताना, दोन्ही वेळा.

वेळेचा हिशेबही हातानेच करून घ्यावा. स्कॉटिश गिर्यारोहक नाइस्मिथ यांच्या 1892 च्या ठोकताळ्याला साधारण धरून ताशी पाच किलोमीटर, आणि दर 600 मीटर चढाईला एक तास जादा. म्हणजे आठ किलोमीटर वाट आणि 600 मीटर चढ असेल तर दोन तास छत्तीस मिनिटे. हा आकडा सराव असलेल्या, न थांबता चालणाऱ्या प्रौढांचा आहे. मुलांबरोबर त्याची दीडपट, म्हणजे जवळजवळ चार तास धरावेत. कुठेही असलो तरी किती वाजता मागे फिरायचे, ते निघण्यापूर्वी कागदावर लिहून सर्वांना सांगावे. लिहिलेले नसले की शिखर दिसताच "अजून दहाच मिनिटे" सुरू होते आणि उतार अंधारात करावा लागतो. सर्वांत हळू चालणारे मूल पुढच्यांत असावे आणि एक जाणता मोठा कायम शेवटी. मेघगर्जना झाली तर शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे आसऱ्यातून हलायचे नाही, मुले कितीही कंटाळली तरी.

कोणत्याही मुलासोबत एकच मोठा एकांतात असू नये, म्हणून किमान दोघे हवेत, हा नियम आता बहुतेक जण मानतात. पण एखादे मूल जखमी झाले आणि एक मोठा त्याच्याजवळ अडकला, तर बाकीच्या मुलांपाशी एकच उरतो. शिवाय मदत आणायला जाणार कोण? वस्तीपासून दूर जाताना पथक लहान असले तरी तिघे मोठे असावेत, असे आमचे ठाम मत आहे.

राहिला प्रमाणपत्राचा प्रश्न. मुक्काम संपला की फक्त हजेरीची नोंद करावी. पुढच्या सहा महिन्यांत त्या स्वयंसेवकाने आपल्याच पथकातील मुलांबरोबर निदान एक मुक्काम करावा आणि एका अनुभवी प्रशिक्षकाने तो शेजारी राहून, न बोलता पाहावा. मोजणी कशी झाली, मागे फिरण्याची वेळ पाळली का आणि संघनायकांच्या हातातून दोर किती वेळा काढून घेतला, एवढे टिपून मगच सही करावी.

आपले,
युवा पथकांचे काही प्रशिक्षक