स्मिथ सेंटरहून आल्यावर

मंगळवेढा

चि. अमोल यास,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो हे फोनवर सांगितलंच आहे. तुझी आई अजून जेट लॅगच्या नावाखाली दुपारची दोन-दोन तास झोपते. पत्र लिहितोय ते अमेरिकेत तुझ्याकडं, कॅन्सासातल्या त्या स्मिथ सेंटरमध्ये, पहिल्याच आठवड्यात जेवताना मी जे बोललो त्यासाठी. “एवढा एमडी झालास आणि शेवटी खेड्यातल्या पीएचसीतच येऊन पडलास.” तू भाजी वाढून घेतलीस, पुढं काही बोलला नाहीस. नंतर अडीच महिने मी तुझ्या घरात राहिलो, पण ते वाक्य मागं घ्यायला माझी जीभ काही वळली नाही. फोनवर घ्यायला जावं तर तू “जाऊ द्या हो बाबा” म्हणतोस.

खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात अमेरिका म्हणजे तुझ्या मामाचं न्यू जर्सी. तू विमानतळावरून निघालास, तास गेले, आणि दोन्ही बाजूंना फक्त कापलेल्या गव्हाचं धसकट. मग लांबून ते धान्याचे पांढरे उंच सायलो दिसले. आपल्याकडं कळस दिसला की गाव आलं म्हणतात, तसं तू म्हणालास, “आलं.” दीड हजार वस्तीचं गाव, आणि हे जिल्ह्याचं ठिकाण! मला वाटलं, पोराला शिक्षेवर पाठवलंय.

तू दवाखान्यात गेलास की मी चालत सुटायचो. चालत चालत एक दिवस कोर्टहाऊसमध्ये शिरलो, ती गोष्ट तुला अर्धीच सांगितली होती. भूमी अभिलेख खात्यात जन्म गेलेला माणूस मी, जमिनीच्या दप्तराचा वास लांबून येतो. तिथल्या बाईंना माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, मी मोजणीवाला, रिटायर्ड. त्यांनी ना अर्ज मागितला ना स्टॅम्प. भल्या मोठ्या वह्या टेबलावर ठेवल्या आणि जुन्या सरकारी नकाशाची प्रत पसरली. सगळा चौकोनांचा कागद. चौकोनाच्या कडेला बारीक आकडा, 80.00. बाई म्हणाल्या, हे काय ते बरेच जण विचारतात. मी म्हटलं, चेन्स. ऐंशी चेन म्हणजे एक मैल.

त्यांनी वर बघितलं बघ माझ्याकडं!

त्यांची चेन 66 फुटांची, गंटर नावाच्या इंग्रजाची. आपली शंकू-साखळीतली साखळी 33 फुटांची, बरोबर निम्मी, सोळा भागांची, त्या भागांना आणे म्हणायचं. एक साखळी लांब, एक साखळी रुंद तो गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. त्यांचाही एकर तोच, एका चौरस फुटाचा फरक नाही. उभी हयात मी जी साखळी ओढली, तिच्याच थोरल्या बहिणीनं कॅन्सास मोजलंय हे मला सत्तराव्या वर्षी कळलं.

आणि मोजलंय तरी कसं! सहा मैलांचा चौकोन ती टाउनशिप, तिच्यात 36 सेक्शन, सेक्शन 640 एकरांचा. स्मिथ काउंटी म्हणजे असे पाच गुणिले पाच चौकोन. उत्तरेची हद्द 40 अक्षांशावर, तीच नेब्रास्काची शीव. गाव मधोमध, मधल्या चौकोनात, म्हणजे कुठल्याही कोपऱ्यातल्या शेतकऱ्याला घोडागाडीनं येऊन कामं उरकता यावीत. मैलामैलावर रस्ता. बांध कोरल्याच्या तक्रारींवर आमच्या ऑफिसची निम्मी कपाटं भरलीत रे, इथं एवढ्या सरळ रेषा बघून मला थोडं उदासच वाटलं. आणखी एक गंमत म्हणजे तिथं रजिस्टर ऑफ डीड्सपासून शेरीफपर्यंत सगळे निवडून येतात. आपल्याकडं तलाठी निवडून द्यायचा ठरला तर काय होईल, याचा विचार करून मी घरी येईपर्यंत हसत होतो.

1862च्या कायद्यानं वस्तीला येणाऱ्याला 160 एकर मिळायचे, पाच वर्षं राहून कसायची अट. त्याआधीची नोंद मात्र कुठं नाही. रिपब्लिकन नदीच्या काठानं पॉनी नावाचे तिथले मूळ लोक होते म्हणतात, त्यांचं नाव कुठल्याच रकान्यात नाही. मूळ धारक कोण, हा प्रश्न मी बाईंना विचारला नाही. पाहुणा होतो.

तुझ्याच धंद्यातला तो डॉक्टर हिगली असाच जमीन घेऊन त्या काउंटीत राहिला होता, ज्याची कविता 1947 मध्ये कॅन्सासचं राज्यगीत झाली. तोसुद्धा 1886 मध्ये निघून गेलाच. 1900 साली काउंटीत सोळा हजारांवर माणसं होती, 2020 मध्ये 3,570. एकेक जण मशिनवर हजारो एकर करतो, मग माणसं लागतात कशाला?

ज्वारीचं मात्र मला अजून पटलेलं नाही. ऑक्टोबरात कमरेएवढी लाल ज्वारी, मायलो म्हणे, आणि ती घालतात गुरांना! शेजारच्या शेतकऱ्यानं बादलीभर दिली, तुझ्या आईनं मिक्सरमधून काढून भाकरी थापली. पहिल्या तीन तव्यावर टाकतानाच मोडल्या. चौथी निघाली, तांबूस, जरा तुरट. त्या म्हाताऱ्यानं उभ्याउभ्याच खाल्ली आणि म्हणाला, पन्नास वर्षं पिकवतोय, चव आज कळली. मालदांडी खाऊन वाढलेली माणसं आपण, तिची सर नाहीच. पण सायलोकडं बघून मला दामाजीपंतांची कोठारं आठवायची.

त्याच म्हाताऱ्यानं जाता जाता सांगितलं, “तुझा मुलगा रात्री दोनला आला होता, माझ्या बायकोला तपासायला.” तू घरी कधी बोलला नाहीस. तुला माझ्या त्या वाक्यावर हे उत्तर देता आलं असतं.

तेव्हा ते वाक्य मी मागं घेतो. व्हिसाच्या अटीपायी अशा गावात काढायची तुझी तीन वर्षं, आपल्याकडच्या डॉक्टरांच्या बाँडसारखी, जूनमध्ये संपतील. पुढं राहायचं की शहरात जायचं ते तुम्ही दोघं ठरवा. माझं मत विचारू नकोस, ते दर आठवड्याला बदलतंय.

काल माळ्यावरून साखळी काढली. दोन कड्या गंजल्यात, खोबरेल लावून ठेवलीय. जानेवारीत रजा मिळाली तर हुरड्याला ये. ओढ्याकडचा आपला तुकडा मोजून घ्यायचाय, दुसरं टोक धरायला माणूस लागतो.

तुझे,
बाबा