ह्या शिडीवर चढणार का? सायलीला पत्र

प्रिय सायली,

फोनवर तू विचारलंस की कॉम्पिटिशन म्हंजे नेमकं काय, धावायचं-पोहायचं का, आणि तेवढ्यात तुझी हॉस्पिटलची ड्यूटी लागली. म्हटलं आता सगळं लिहूनच काढते, अर्धवट सांगण्यासारखं नाहीच आहे ते. चहा घेऊन बस, लांबणार आहे.

तर दरवर्षी ३० मार्च ते ५ एप्रिल मर्चंट नेव्ही वीक असतो. ५ एप्रिल १९१९ ला सिंधिया ह्या आपल्या जहाज कंपनीची एस. एस. लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघाली होती, इंग्रजांच्या कंपन्यांचं राज्य असताना आपली बोट, म्हणून तो दिवस पाळतात. त्या आठवड्यात यंदा वेगवेगळ्या कॉलेजांच्या कॅडेट्सची सीमॅनशिपची, म्हंजे बोटीवरच्या हातकामाची स्पर्धा होती, इथे नवी मुंबईतच, खाडीला लागून. लेखी काही नाही, सगळं हाताने करून दाखवायचं. दोर, शिडी, धूर, पाणी, नकाशा. चौघांचा एक संघ आणि आमच्या संघात मी एकटी मुलगी.

मला सगळ्यात आवडलं ते आधी सांगते, बाकीचं ओघाने येईल. पायलट लॅडर.

बंदरात शिरताना बोटीवर पायलट घ्यावा लागतो. त्याला तिथलं पाणी, गाळ, ओहोटी सगळं पाठ असतं. तो छोट्या लाँचने येतो आणि चालत्या बोटीच्या कुशीला लटकवलेल्या दोराच्या शिडीवरून वर चढतो. चालत्या, हां! खाली लाँच वर-खाली होतेय, बोट हलतेय, आणि माणूस लाकडी पायऱ्यांवर. दरवर्षी जगात कुठे ना कुठे पायलट ह्या शिडीवरून पडून जीव गमावतात, म्हणून नियम फार कडक आहेत. दोन पायऱ्यांमधलं अंतर ३१ ते ३५ सेंटीमीटर, खालच्या ४ पायऱ्या रबराच्या चालतात, खालून ५ वी पायरी लांब, निदान १.८० मीटरची, म्हंजे शिडी पलटी खात नाही. चढाई ९ मीटरपेक्षा जास्त असेल तर नुसती शिडी चालतच नाही, बोटीचा तिरका जिनाही सोबत जोडावा लागतो. शेजारी लाइफबॉय, म्हंजे पाण्यात फेकायचं तरंगतं कडं, आणि त्याचा दिवा, हीव्हिंग लाइन म्हंजे फेकायची पातळ दोरी, वर उभा एक ऑफिसर, हे सगळं आलंच.

पुस्तकात हे एका पानात संपतं. इथे आम्हाला शिडीचा गुंडाळा, दोर आणि धक्क्यावरची एक उंच भिंत दिली आणि म्हणाले बांधा. परीक्षक होते एक हार्बर पायलट, आयुष्य ह्याच शिड्यांवर काढलेला माणूस. त्यांनी मार्कांचा तक्ताच ठेवला नव्हता. आम्ही बांधून झालो की खाली यायचे, वरपासून खालपर्यंत एकदा बघायचे, दोन्ही बाजूचे दोर हातात घेऊन अंगाचा सगळा भार टाकायचे, आणि मग एकच, चढायचे किंवा नाही चढायचे. चढले तर संघ पास.

एक संघ इतका फास्ट होता की बघत राहावं, शिडी झरझर खाली आणि सगळं टापटीप. पायलट साहेब वर गेले, वाकून बघितलं आणि शांतपणे परत आले. चढले नाहीत. कारण काय तर शिडीचा सगळा भार एका पायरीवर आला होता, डेकवरच्या लोखंडी पट्टीत पायरी अडकवून शिडी लटकवली होती. ताण बाजूच्या दोरांनी घ्यायचा असतो, पायरीने नाही, नाहीतर पायरी बांधणारी सुतळी हळूहळू सुटते आणि कोणाला कळतही नाही. दोन्ही बाजूच्या दोरांना वेगळा दोर रोलिंग हिच, म्हंजे ताणात न घसरणारी गाठ, मारून डेकवरच्या मजबूत कड्यांना बांधायचा, ही खरी पद्धत, वेळखाऊ आहे पण तीच. आमचं बांधून व्हायला वेळ लागला, आमच्यातला एकजण तर मागून सारखा "चल ना, चल ना" करत होता, पण मी दोन्ही हिच परत खेचून बघितल्याशिवाय "रेडी" म्हटलं नाही. ते चढले. त्यांचे बूट एकेक पायरी वर येताना मला दिसत होते, आणि सायली, तेव्हा जे वाटलं ना, ते कुठल्या मार्कशीटने वाटलेलं नाही. आपण बांधलेल्या गाठीवर दुसऱ्या कोणाचा तरी जीव टांगलेला असतो हे मी तेव्हा डोळ्यांनी बघितलं.

तुला कॅप्टन राधिका मेनन माहितीयेत ना, मागे मी तुला त्यांच्याबद्दल पाठवलं होतं. जून २०१५ मध्ये ओडिशाच्या गोपाळपूरजवळ दुर्गम्मा नावाची मासेमारी बोट इंजिन बंद पडून, नांगर तुटून वाहत चालली होती, आत ७ जण, जेवण-पाणी सगळं वाहून गेलेलं, कोल्ड स्टोरेजमधल्या बर्फावर जगत होते. संपूर्ण स्वराज्य ह्या टँकरवरच्या सेकंड ऑफिसरला ती दिसली. २५ फुटांहून उंच लाटा, ६० नॉटच्या वरचा वारा, आणि मेनन मॅडमनी त्यांना वर घेतलं ते ह्याच पायलट लॅडरने. २०१६ ला आयएमओचा, म्हंजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा, शौर्य पुरस्कार मिळाला त्यांना, बाईला पहिल्यांदाच. सगळे कॅप्टनबद्दल बोलतात, बरोबरच आहे, निर्णय त्यांचा. पण ती शिडी त्या वादळात ज्याने कोणी बांधली असेल, त्या डेकवरच्या माणसांचा विचार मी आता जास्त करते.

गाठींच्या टेबलावर एक रिटायर्ड सारंग, म्हंजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम, होते, हर्णैकडचे, बोटींवरच आयुष्य गेलेलं. तुझ्या आजोबांची फार आठवण आली, तसाच आवाज आणि तशीच बोटं, जाड आणि तरी किती हळू चालणारी. डोळ्यांवर पट्टी बांधून बोलाइन, क्लोव्ह हिच, शीट बेंड असं काय काय मारायचं होतं, ते सगळ्यांनाच येतं. पण ह्यांनी काय केलं, बोलाइन मारली की तिच्यावर पाण्याने भरलेलं पिंप टांगायचे, थोडा वेळ हलवायचे, उतरवायचे आणि म्हणायचे, "बांधलेली दाखवू नको पोरी, आता सोडून दाखव." बरोबर मारलेली बोलाइन कितीही ताण खाऊन अंगठ्याने मागे ढकलली की सुटते, चुकीची मारली तर सुरी लागते. अर्धे संघ तिथेच गळले. मग दोराला डोळा विणायचा होता, आय स्प्लाइस, त्यात ते प्रत्येक वेढ्याला हात लावून मोजत होते, नायलॉनला काथ्याच्या दोरापेक्षा जास्त वेढे लागतात कारण तो निसरडा. आमच्याकडे ह्या विषयाला तासच कमी असतात हे मला अजिबात पटत नाही. ऑटोमेशन आलं, ठीक आहे, पण बोट धक्क्याला दोरानेच लागते.

हीव्हिंग लाइनला आमचा निभाव लागला नाही. ही पातळ दोरी असते, तिच्या टोकाला माकडमूठ, म्हंजे दोराचीच विणलेली गोळा-गाठ, ती धक्क्यावरच्या माणसाकडे फेकायची आणि मग तिला बांधून जाडा दोर ओढला जातो. त्या मुठीत वजन वाढवायला लोखंडाचा नट वगैरे घालायला सक्त मनाई, खालच्या माणसाच्या डोक्यात बसला तर संपलं. दुपारी खाडीवरून समोरून वारा सुटला आणि सगळ्यांच्या लाइनी अर्ध्यात पडायला लागल्या. लक्षद्वीपमधल्या मिनिकॉयचा एक मुलगा होता दुसऱ्या संघात, त्या बेटावर घराघरातून माणसं बोटीवर जातात. त्याने आधी लाइन पाण्यात भिजवली, वेटोळी दोन हातांत वाटून घेतली, डावा तळवा पूर्ण उघडा, आणि मग नुसता उभा राहिला. घड्याळ चालू होतं आणि हा उभा. वारा एक क्षण पडला आणि त्याने खालून, जवळजवळ आडवी फेकली, वारा तिला धरूच शकला नाही, नेमकी रिंगणात. मी जाऊन त्याला शिकव म्हटलं, आणि त्याने शिकवलं, अर्धा तास, जेवण सोडून.

आता तुझ्या कामाचं. एक कंटेनर होता, आत अंधार आणि खोटा धूर, तो टँक समजायचा, आत एक माणूस बेशुद्ध, म्हंजे बाहुली. तुला माहितीये का, रिकामा बंद टँकसुद्धा माणूस मारतो, कारण लोखंड गंजताना आतला ऑक्सिजन खात राहतं. वास नाही, काही नाही, उतरला की पडला. आणि मग त्याला वाचवायला दुसरा धावत उतरतो, तोही पडतो. बोटींवरचे असे कितीतरी मृत्यू वाचवायला गेलेल्यांचे असतात. म्हणून २०१५ पासून दर २ महिन्यांनी ह्याची ड्रिल करणं सक्तीचं आहे.

तिथे एका स्वयंसेवकाने आमच्या लीडरला सांगितलं की मुलीला बाहेर वही धरायला ठेवा, आत बाहुली जड आहे. मला राग आला, खूप आला, आणि मी तो लपवला नाही. एकतर बाहेरचं काम हलकं नाहीच, कोण किती वाजता आत गेलं आणि सिलिंडरमध्ये किती हवा होती हे तिथेच लिहिलं जातं. आणि ते कोणी करायचं हे आमचं आधीच ठरलं होतं, आत मी जाणार होते. गेले. मास्क लावून, होस दाबून, श्वास ओढून बघितला, गळत नव्हता. आत गेल्यावर डोळे उघडे असून नसल्यासारखे. उजव्या हाताची मागची बाजू भिंतीला लावून सरकायचं, तळवा नाही, कारण उघड्या वायरला तळवा लागला तर शॉकने मूठ तिच्यावरच आवळते. पाय उचलायचे नाहीत, घासत न्यायचे, पुढे खड्डा असू शकतो. कानात फक्त आपलाच श्वास. बाहुलीचा बूट हाताला लागला तेव्हा मी मोठ्याने ओरडले, "सापडला!" काखेखालून पट्टा घालून आम्ही दोघांनी वाकून मागे मागे ओढत आणली.

पण ह्या फेरीत मला सगळ्यात जास्त दुसऱ्याच संघाचं कौतुक वाटलं. ते बाहुलीपर्यंत पोचले आणि हवा कमी झाल्याची शिट्टी वाजली. बाहुली तिथेच ठेवून ते बाहेर आले. बघणाऱ्यांतले काही "अरे!" म्हणाले, पण परीक्षकांनी त्यांना चांगले गुण दिले, आणि दिलेच पाहिजेत. बाहेर येऊन त्या मुलाचा चेहरा पांढरा पडला होता, ती बाहुली होती तरी. तुम्हाला वॉर्डात असं सोडून यायला शिकवतात का गं?

त्याच्यापुढे सीपीआर, म्हंजे छाती दाबून आणि श्वास देऊन जीव वाचवणं. ३० दाब, २ श्वास, मिनिटाला १०० ते १२०, ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मागच्या दिवाळीत तू माझ्याकडून उशीवर घोटवून घेतलेलं. पण २ मिनिटांत थांबवलं, हे मला पटलं नाही. तुमच्याकडे २ मिनिटांनी कोणीतरी येतं गं, डॉक्टर, मशीन, काहीतरी. भर समुद्रात सगळ्यात जवळचं बंदर ४ दिवसांवर असू शकतं आणि डॉक्टर म्हंजे रेडिओवरचा आवाज. मग अदलाबदल कशी करायची, रेडिओवर नेमकं काय सांगायचं, हेच तर तपासायला हवं ना. मी फीडबॅकच्या कागदावर दोन्ही बाजू भरून हेच लिहून दिलं.

इमर्शन सूटची रिले पण झाली, थंड पाण्यात जीव वाचवणारा तो जाड रबरी सूट कोणाच्या मदतीशिवाय २ मिनिटांत चढवता आला पाहिजे असा नियम आहे, एप्रिलच्या उन्हात घालून बघ कधी. युक्ती म्हंजे बुटांवर प्लॅस्टिकची पिशवी चढवायची, पाय सरकन आत जातो. नकाशाचं आणि सेक्स्टंटचं, म्हंजे सूर्य-ताऱ्यांची उंची मोजायच्या यंत्राचं, झालं, बरं झालं, त्याबद्दल विशेष काही नाही.

चेन्नईचा संघ पहिला आला, आम्ही दुसरे. त्यांचा एकही पॉइंट मला खटकला नाही.

आता तू दोन गोष्टी कर. एक, आजोबा माकडमूठ कशी विणायचे ते काकूंना नीट विचारून कळव, आत काय भरायचे तेही, कारण सारंगांनी दाखवलेली वेगळी होती आणि मला दोन्ही यायला हव्यात. दुसरं, पेशंट दुसऱ्याच्या हातात देताना तुम्ही काय काय आणि कुठल्या क्रमाने सांगता, ते मला लिहून पाठव, अगदी तुम्ही बोलता त्याच शब्दांत. आमच्या सरांनी सांगितलंय, चांगलं जमलं तर पुढच्या वर्षीच्या ज्युनियर्सच्या सरावात तेच घालू. जूनमध्ये माझं बोटीवरचं जॉइनिंग यायची शक्यता आहे, त्याच्या आत पाठव.

नाइट ड्यूटीत जेवत जा.

तुझीच,
मीनल