तुरुंगाच्या पाहणीला चित्रकारही हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणेशोत्सव जवळ आला की नाशिकरोड मध्यवर्ती कारागृहातील बंदिवानांनी घडवलेल्या मूर्तींची छायाचित्रे वृत्तपत्रांत येतात आणि अनेक नाशिककर त्या मूर्ती श्रद्धेने घरी नेतात. मूर्ती घडवणारे हात ज्या भिंतींआड राहतात ती जागा मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिलेली असते. साने गुरुजींनी १९३३ मध्ये याच कारागृहात ‘श्यामची आई’ लिहिली, हे अभिमानाने सांगणाऱ्या शहराला त्या वास्तूच्या आतील जीवनाची इतकी थोडी ओळख असावी, याची खंत वाटते. या संदर्भात विल्यम होगार्थ या इंग्रज चित्रकाराच्या सुमारे तीनशे वर्षांपूर्वीच्या एका चित्राकडे आपल्या वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

लंडनमधील फ्लीट हा जुना तुरुंग त्या काळी मुख्यतः कर्ज फेडू न शकलेल्यांसाठी वापरला जाई. तेथील प्रमुखाचे पदच विकत मिळत असे. टॉमस बॅम्ब्रिज याने एका भागीदारासह १७२८ मध्ये ते पाच हजार पौंडांना घेतले आणि कैद्यांकडून पैसे उकळण्यास सुरुवात केली. आधीच कर्जात बुडालेल्या माणसाकडून खोलीचे भाडे, निरनिराळी शुल्के आणि वर बक्षिसी मागितली जाई, व देऊ न शकणाऱ्याचे हाल होत. रॉबर्ट कॅस्टेल या वास्तुविशारदाला अशाच कारणाने देवीच्या रोग्यांमध्ये नेऊन ठेवण्यात आले आणि त्यातच त्याचा मृत्यू झाला. त्याचे मित्र, संसद सदस्य जेम्स ओगलथॉर्प यांनी हे प्रकरण लावून धरले, आणि १७२९ मध्ये त्यांच्याच अध्यक्षतेखाली संसदेची चौकशी समिती नेमली गेली.

होगार्थने त्या समितीचे काम चालू असतानाचा प्रसंग रंगवला आहे. टेबलाभोवती सदस्य बसले आहेत, त्यांच्यासमोर लोखंडी साधनात जखडलेला कैदी गुडघ्यांवर आहे आणि एका बाजूला बॅम्ब्रिज उभा आहे. प्रश्न विचारणारे, उत्तर देण्यास बांधील असलेला आणि ज्याने सोसले तो, असे तिघेही एकाच चौकटीत आणणे हे मला या चित्राचे खरे बळ वाटते. होगार्थ लहान असताना त्याचे वडीलही कर्जापायी फ्लीटमध्ये कैद होते, हे ठाऊक झाल्यावर त्या गुडघे टेकलेल्या माणसाकडे नजर पुन्हा पुन्हा जाते. पुढे खुनाच्या खटल्यातून बॅम्ब्रिज निर्दोष सुटला; त्याला पदावरून दूर करण्यासाठी संसदेला स्वतंत्र कायदा करावा लागला. फ्लीटची इमारत १८४६ मध्ये पाडली गेली. चित्र मात्र लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आजही पाहता येते.

आजच्या कारागृहांची फ्लीटशी तुलना करण्याचा माझा हेतू नाही. तथापि, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातील बंदिवानांपैकी सुमारे तीन चतुर्थांश हे न्यायाधीन बंदी आहेत, म्हणजे त्यांच्यावरील आरोप अद्याप सिद्ध झालेले नाहीत. आणि त्यांच्यात जामीन मंजूर होऊनही रक्कम किंवा जामीनदार मिळत नाही म्हणून आत राहिलेली गरीब माणसे आहेत. पैशाअभावी कोठडीत राहावे लागणे हा प्रश्न जुना झालेला नाही.

कारागृहांच्या पाहणीसाठी अभ्यागत मंडळाची तरतूद आहे. मंडळाच्या भेटीत बराकी, स्वयंपाकघर, रुग्णालय, मुलाखतीची जागा हे सारे पाहून शेरे लिहिले जातात, परंतु ते कागद सामान्य नागरिकापर्यंत क्वचितच पोहोचतात. अशा भेटींच्या वेळी शहरातील एखादा चित्रकार किंवा चित्रकला महाविद्यालयातील विद्यार्थी सोबत नेण्यास कारागृह प्रशासनाने परवानगी द्यावी, अशी माझी सूचना आहे. कारागृहात कॅमेऱ्यावर निर्बंध असतात आणि ते योग्यही आहेत, कारण बंदिवानाचा चेहरा जगासमोर येणे त्याच्या व त्याच्या कुटुंबाच्या हिताचे नसते. रेखाटनात चेहरा वगळता येतो, आणि तरीही खोलीत किती जण दाटीने झोपतात, उजेड कोठून येतो, मुलाखतीला आलेली आई जाळीपासून किती अंतरावर उभी राहते, हे सर्व नेमके दाखवता येते. सुरक्षेच्या दृष्टीने अडचणीचा तपशील प्रशासनाने आधी तपासून गाळावा, त्यालाही हरकत नसावी. मूर्तिकामात हात बसलेल्या बंदिवानांनाही कागद आणि रंग मिळावेत, आणि या सर्व रेखाटनांचे प्रदर्शन कारागृहातील मूर्तींच्या विक्रीच्या ठिकाणीच भरवावे, म्हणजे मूर्ती घ्यायला येणारा प्रत्येक नाशिककर ती पाहील. आपल्या दैनिकाने हा विषय कारागृह प्रशासनापुढे मांडावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक, नाशिक