ज्यू वस्त्यांमधील बेकऱ्यांची ओढ

संपादक महोदय,

जुन्या ज्यू वस्त्या पांगल्या तरी तेथील बेकऱ्या टिकून राहतात, याचे श्रेय केवळ स्मरणरंजनाला देणे मला अन्यायाचे वाटते. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये १९३६ साली सुरू झालेल्या ‘कोसार्स’मध्ये आजही पोलंडमधील बियालिस्टॉक शहराच्या नावाचा, मधल्या खळग्यात कांदा भरलेला ‘बियाली’ नावाचा गोल पाव मिळतो. बेगल हा कड्याच्या आकाराचा पाव मात्र भट्टीत जाण्यापूर्वी उकळत्या पाण्यातून काढावा लागतो. त्यामुळे पिठातील स्टार्च वरच्या वर फुलून चकचकीत कवच धरते आणि आतला भाग घट्ट, चिवट राहतो. अनेक कारखाने उकळण्याऐवजी नुसती वाफ देतात, आणि तिथेच, माझ्या मते, बेगलचा जीव जातो. शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी सब्बाथसाठी, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या पवित्र दिवसासाठी, नेला जाणारा, वेण्या घातलेला आणि वरून अंडे फासलेला पाव या बेकऱ्या परंपरेने दुधाविना करतात, कारण मांसाच्या जेवणासोबत दूध त्यांच्या धर्मात वर्ज्य आहे. लंडनच्या ब्रिक लेन परिसरात आता बांगलादेशी वस्ती मोठी आहे, तरीही तेथील ज्यू बेगलचे दुकान रात्रंदिवस चालते आणि गिऱ्हाइकांत सर्व धर्मांचे लोक असतात.

आपला,
एक वाचक