कंपवाताच्या रुग्णांची लूट थांबवा

महोदय,
माझ्या वडिलांना नऊ वर्षांपासून पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात आहे. सकाळची गोळी लागू पडेपर्यंत त्यांना सदऱ्याचं एक बटण लावता येत नाही. बशीत चहा सांडतो, आणि ते मान खाली घालून बसतात. अशा माणसाला गेल्या महिन्यात एका खासगी क्लिनिकमध्ये ‘स्टेम सेलची तीन इंजेक्शनं, पाच लाख रुपये, हमखास गुण’ असं सांगितलं. आई मंगळसूत्र मोडायला निघाली होती.

स्टेम सेलवरचं, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या पेशींत बदलू शकणाऱ्या मूळ पेशींवरचं, संशोधन खोटं नाही. जपानच्या क्योटो विद्यापीठात अशा मूळ पेशींपासून डोपामिन (हालचालींसाठी लागणारं, कंपवातात कमी पडणारं मेंदूतलं रसायन) तयार करणाऱ्या पेशी घडवून त्या सात रुग्णांच्या मेंदूत शस्त्रक्रियेने सोडल्या. २०२५ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: दोन वर्षांत गंभीर दुष्परिणाम आढळला नाही, परिणाम तपासलेल्या सहापैकी चौघांच्या हालचाली सुधारल्या. पण ती चाचणी होती, आणि रुग्ण अवघे सात. कमरेत किंवा शिरेत टोचलेल्या इंजेक्शनाचा त्याच्याशी काय संबंध?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे ठरावीक आजार वगळता स्टेम सेलचा वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो, आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. मग या जाहिराती राजरोस कशा झळकतात? अन्न व औषध प्रशासनाने अशा क्लिनिकांची तातडीने तपासणी करावी. आणि वृत्तपत्रांनीही, कळकळीने सांगतो, या जाहिराती छापू नयेत.

– एका रुग्णाचा मुलगा, सातारा